रेट्रोआर्च: जुन्या टीव्ही गेमचे आवाज ऐकण्यासाठी

मी जन्मापासून अंध आहे. गेले वर्षभर, आठवड्यातून चार-पाच रात्री, कानाला हेडफोन लावून मी रेट्रोआर्च या सॉफ्टवेअरवर जुने व्हिडिओ गेम खेळते, आणि खेळण्याहूनही जास्त वेळ ते नुसते ऐकते. रेट्रोआर्च मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालते आणि जुन्या गेमयंत्रांची नक्कल करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे तेथल्या भाषेत ‘कोअर’, आपल्या आत घेऊन चालवते. त्याची जी परीक्षणे मी वाचली ती बहुतेक चित्राविषयी होती. जुन्या टीव्हीच्या काचेचा भास कसा आणावा, रंग किती खुलतात, कडा किती रेखीव दिसतात, यांवर परिच्छेदच्या परिच्छेद होते आणि आवाजाच्या वाट्याला शेवटी एखादे वाक्य आले होते. मला त्या एका वाक्याचा विस्तार हवा होता आणि तो कोठे मिळाला नाही, म्हणून तो मीच लिहीत आहे.

आमचे घर मिरजेचे. नव्वदच्या दशकात एका मे महिन्याच्या सुट्टीत दादाने हट्ट करून टीव्हीला जोडायचा गेम घरी आणवला. पिवळी कॅसेट, ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, आणि टीव्हीचा चॅनल जुळेपर्यंत चाललेली खरखर, हे सगळे त्या पिढीला सांगायला नको. दादा खेळायचा आणि मी टीव्हीच्या स्पीकरजवळ जमिनीवर बसायचे. पहिले काही दिवस मी सारखी विचारत असे, “आता काय झालं?” आणि तो बिचारा खेळता खेळता सांगत असे. एका दुपारी मी स्वयंपाकघरात आईजवळ शेंगा सोलत बसले होते आणि तेथूनच ओरडले, “दादा, तुझा मारिओ लहान झाला ना?” तो उठून दारात आला आणि मला कसे कळले ते विचारू लागला. मारिओ हा त्या गेमचा नायक. तो लहान असला की त्याच्या उडीचा आवाज वरच्या पट्टीत जातो आणि मश्रूम खाऊन मोठा झाला की तोच आवाज खाली उतरतो. हे त्याने महिनाभर खेळूनही ऐकले नव्हते, कारण त्याला ऐकण्याची गरजच पडली नव्हती.

त्या यंत्रांचे आवाज इतके बोलके का होते, हे मला पुढे कळले. आमचे यंत्र ज्याची नक्कल होते ते निन्टेन्डोचे फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आले. त्याच्या रिको चिपमध्ये आवाजाचे पाचच मार्ग आहेत: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर, एक खरखर आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा गेम चित्रे, नकाशे आणि संगीत यांसह सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. एवढ्याशा जागेत संगीतकार कोजी कोंदो यांना धूनही बसवायची होती आणि खेळातल्या घटनांचे आवाजही. त्यामुळे एकही आवाज नुसता शोभेचा म्हणून ठेवणे परवडणारे नव्हते. नाणे उचलले की दोन स्वर वाजतात, आणि पहिला षड्ज मानला तर दुसरा शुद्ध मध्यम येतो. पाण्यात हात मारल्याचा आणि शत्रूला पायाखाली चिरडल्याचा आवाज एकच आहे. नळीतून खाली जातानाचा आणि मार बसून लहान होतानाचा आवाजही एकच आहे. प्रसंग माहीत असेल तर यांत गोंधळ होत नाही. वेळ शंभरावर आली की इशारा वाजतो आणि पूर्ण धूनच द्रुत होते, म्हणजे पडद्यावरच्या कोपऱ्यातला आकडा न पाहताही घाई करावी हे कळते. आजच्या मोठ्या गेममध्ये वारा वाहतो, पाने सळसळतात, दूर कोठेतरी पक्षी ओरडतो, आणि त्या सगळ्या थरांतून कामाचा आवाज वेगळा काढायला मला कष्ट पडतात. त्या काळच्या गेममध्ये जे वाजते ते काहीतरी सांगण्यासाठीच वाजते.

रेट्रोआर्चकडे वळण्याआधी मी बाजारात मिळणारा, हातात मावणारा, चारशे खेळांचा एक स्वस्त डबा घेऊन पाहिला होता. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तसे डबे अनेक नावांनी विकले जातात आणि मी एकच वापरला आहे. माझ्याकडच्या डब्याला हेडफोनची जागा नव्हती, त्याचा स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा होता आणि त्यातून त्रिकोणी लहरीचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नसे. चारशे खेळांची यादी मुकी होती, त्यामुळे किती वेळा खाली गेले की कोणता खेळ येतो याची वही मी भाच्याकडून वाचून घेऊन पाठ केली. बॅटरी संपली की यादी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. दोन महिन्यांनी तो डबा मी भाच्यालाच देऊन टाकला.

रेट्रोआर्चचा पहिला मोठा गुण असा की ते बोलते. त्याच्या सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटीचा स्वतंत्र विभाग आहे. तो सुरू केला की मेनूतील प्रत्येक ओळ वाचून दाखवली जाते आणि बोलण्याचा वेग एकपासून दहापर्यंत बदलता येतो. हा विभाग शोधण्यासाठीच डोळस माणूस लागणार असेल तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न मला पडला होता. त्याचेही उत्तर आहे: प्रोग्रॅमच्या शॉर्टकटमध्ये नावापुढे एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि ‘अॅक्सेसिबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत जोडला की ते पहिल्या क्षणापासून बोलतच उघडते. हे मी कोणाच्याही मदतीशिवाय केले. मेनूच्या ओळी वर-खाली बाणांनी ऐकत जायच्या, आधी कोअर निवडायचा, मग गेमची फाइल. फॅमिकॉमच्या गेमसाठी मी एफसीईयूएमएम नावाचा कोअर वापरते आणि या अभिप्रायातील पुढचे बरेचसे त्याच्याविषयीच आहे. रेट्रोआर्चबरोबर गेम मिळत नाहीत, ते आपले आपण आणायचे असतात. हौशी मंडळींनी स्वतः लिहून मोफत वाटलेले नवे गेमही या जुन्या यंत्रासाठी पुष्कळ आहेत आणि सुरुवातीला त्यांवर हात बसवणे चांगले.

या कोअरच्या पर्यायांत पाचही ध्वनिमार्ग वेगवेगळे बंद-चालू करता येतात. असे काही मला लहानपणी मिळाले असते तर मी शाळाच बुडवली असती. पहिल्या रात्री मी मारिओचा पहिला टप्पा लावला आणि दुसरी चौकोनी लहर बंद केली. मुख्य धून गेली आणि तिच्याबरोबर नाण्याचा आवाजही गेला, कारण दोन्ही त्याच मार्गाने येतात. नाणे उचलताच धून क्षणभर तुटते असे मला लहानपणापासून वाटत असे. तो भास नव्हता, हे तेव्हा कळले. मग पहिली चौकोनी लहर बंद केली तर साथीचे सूर, उडी आणि डोके आपटल्याचा ठोका हे सगळे एकदम नाहीसे झाले. शेवटी सगळे बंद करून फक्त खरखर चालू ठेवली. तिच्यात तालवाद्याची जागा घेणारी टिकटिक होती आणि विटा फुटल्याचा आवाज होता. किल्ल्यातल्या बाउझर या राक्षसाच्या आगीचा फूत्कारही याच मार्गाने येतो. जो खर्ज मी इतकी वर्षे पायांतून आल्यासारखा अनुभवत होते ती त्रिकोणी लहर एकटीच लावून ऐकली तेव्हा तिच्यात जोर कमी-जास्त होतच नाही हेही लक्षात आले. त्या मार्गाला आवाज लहान-मोठा करण्याची सोयच चिपमध्ये दिलेली नाही. ती वाजते किंवा गप्प राहते, आणि तरीही कोंदोंनी तिच्याकडून चालत्या पावलांसारखी लय काढून घेतली आहे. त्या रात्री मी एकही टप्पा पार केला नाही आणि दीड वाजेपर्यंत जागी होते.

तरीही एक गोष्ट मला खटकत होती. धून तीच, स्वर तेच, पण हा आमच्या घरातला मारिओ नव्हता. याचा आवाज पोकळ आणि गोल होता आणि चाल घाईची. आमचा जरा तिखट, नाकात बोलणारा आणि सावकाश. आठवण इतक्या वर्षांनी फसवत असेल असे समजून मी तो विषय सोडून दिला होता. मग एक दिवस कोअरचे पर्याय एकेक करून ऐकताना ‘स्वॅप ऑडिओ ड्यूटी सायकल्स’ अशी एक ओळ कानावर पडली.

मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे आहे. सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी काढताना मी लहानपणी अनेकदा ऐकले आहे. तार तीच, स्वर तोच, पण घोडीचा माथा कानसीने किंचित घासला किंवा तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवला की आवाजाचा रंग पालटतो. चौकोनी लहरीचेही असेच आहे. एका आवर्तनातला किती काळ लहर वर राहते यावर, म्हणजेच तिच्या ‘ड्यूटी सायकल’वर, तिची जवारी ठरते. निम्मा काळ वर राहिली तर आवाज पोकळ, बासरीच्या खालच्या सप्तकासारखा येतो. पाव काळ राहिली तर तो उजळ आणि धारदार होतो, आणि अष्टमांशच राहिली तर अगदी पातळ, चिरका. तैवानमध्ये बनलेल्या ज्या चिप जगभरच्या नकली यंत्रांत गेल्या, त्यांपैकी अनेकांत निम्म्या आणि पाव काळाच्या या दोन लहरींची अदलाबदल झालेली आहे. मूळ यंत्रावर मारिओची धून निम्म्या काळाच्या पोकळ लहरीवर वाजते, आणि त्या चिपवर तीच पाव काळाची होऊन तिखट लागते. वेगाचे कारण निराळे आहे. मूळ जपानी गेम सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेले आहेत आणि आपल्याकडचे टीव्ही ५० चे होते, म्हणून आपल्यासारख्या देशांसाठी बनलेल्या नकली यंत्रांत चाल सहाव्या हिश्शाने कमी होत असे. त्या चिपची घड्याळगती मात्र मूळ चिपच्या अगदी जवळ ठेवलेली होती, त्यामुळे स्वर जवळजवळ जागेवरच राहिले आणि फक्त लय उतरली. कोअरमध्ये प्रदेश निवडण्याच्या यादीत ‘डेंडी’ असा पर्याय आहे. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राचे ते नाव. तो निवडला आणि लहरींची अदलाबदल चालू केली.

पहिल्या तीन स्वरांतच आमचे मिरजेचे घर ऐकू आले. मी अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण करून दादाला पाठवले, सोबत काहीही लिहिले नाही. पाच मिनिटांत त्याचा फोन आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “आपलं यंत्र सापडलं कुठं तुला?” त्याला मी मूळ आवाजही ऐकवला, तेव्हा तो म्हणाला की हा बरोबर वाटत नाही. त्याला कारण सांगता येत नव्हते, पण त्याच्याही कानाने ते तीस वर्षे जपून ठेवले होते. ज्याला त्या काळची आठवण खरी हवी आहे त्याने हे दोन पर्याय बदलल्याशिवाय या सॉफ्टवेअरविषयी मत बनवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता प्रत्यक्ष खेळण्याविषयी. मारिओमध्ये समोरून येणाऱ्या शत्रूला आवाज नाही, खड्ड्याला आवाज नाही, नळीला टेकून चालत राहिले तरी काही वाजत नाही. ध्वनी एकाच वाहिनीचा असल्याने डावे-उजवेही कळत नाही. म्हणून तो अंधाला कानांवर खेळता येत नाही असे म्हणणारे बरेच भेटतात, आणि वाटेत फूल मिळेपर्यंत ते खरेही आहे. फूल मिळाले की मारिओ आगीचे गोळे फेकू लागतो, आणि तो गोळा नळीवर किंवा भिंतीवर आपटला तर डोके आपटल्यासारखाच ठोका वाजतो, शत्रूला लागला तर वेगळा आवाज येतो, आणि पुढे मोकळी जमीन किंवा खड्डा असेल तर काहीच वाजत नाही. मी तो गोळा पांढऱ्या काठीसारखा वापरते. गोळा टाकायचा, ठोका किती वेळाने येतो ते मोजायचे, तेवढे चालायचे आणि उडी घ्यायची. खड्डा आणि मोकळी जमीन यांतला फरक गोळ्याला सांगता येत नाही, तो मारिओचा जीव गमावूनच शिकावा लागतो. येथे रेट्रोआर्चचा दुसरा मोठा गुण कामी येतो: कोणत्याही क्षणी एफ टू दाबून खेळ आहे तेथे जतन करता येतो आणि एफ फोर दाबून तेथेच परत येता येते. पहिला टप्पा पहिल्यांदा पार करायला मला अकरा रात्री लागल्या. झेंड्याच्या खांबावरून घसरत खाली येतानाचा तो सूर मी लहानपणी शेकडो वेळा दादाच्या हातचा ऐकला होता. माझ्या स्वतःच्या हातचा तो पहिला.

सगळेच जुने गेम इतके कंजूष नाहीत. तैतोच्या १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये खाली उतरणारे चार खर्जाचे स्वर पुन्हा पुन्हा वाजतात आणि शत्रू कमी होत जातील तशी त्यांची लय वाढत जाते. किती उरले हे मोजायला आणखी काही लागत नाही. पॅकमॅनमध्ये ठिपके संपत येतील तसा मागचा भोंगा पायरीपायरीने वर चढतो. आमच्या कॅसेटवरचा टँकचा गेम, ज्याचे खरे नाव बॅटल सिटी, त्यात उभ्या आणि चालत्या टँकची घरघर वेगळी आहे आणि गोळी विटेला लागली की पोलादाला तेही कानांना कळते. निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांत सुपर निन्टेन्डो या पुढच्या यंत्रापासून स्टिरिओ ध्वनी आला, आणि मारामारीचे गेम अंध खेळाडू डोळसांच्या बरोबरीने खेळतात ते त्याच्याच बळावर, कारण प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूला आहे ते ऐकू येते आणि प्रत्येक डावाला स्वतःचा आवाज असतो. अमेरिकेतील टेरी गॅरेट या अंध खेळाडूने तर ‘झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम’ हा १९९८ चा विस्तीर्ण गेम अनेक वर्षे खपून आवाजांच्या आधारे पूर्ण केला. मी तेथवर जाईन असे आज तरी वाटत नाही.

या सॉफ्टवेअरच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याचे बोलणे मेनूपुरते आहे. गेम सुरू झाला की गेमच्या आतील अक्षरे चित्ररूपाने असतात आणि ती आपोआप वाचली जात नाहीत. त्यासाठी एआय सर्व्हिस नावाची सोय आहे. ती पडद्याचे चित्र बाहेरच्या सेवेकडे पाठवते आणि त्यातील मजकूर बोलून दाखवू शकते, परंतु त्या सेवेची जोडणी आपल्यालाच करावी लागते आणि उत्तर यायला वेळ जातो, म्हणून संवादांनी भरलेल्या गेममध्ये ती ठीक आणि धावपळीच्या गेममध्ये निरुपयोगी. सेटिंग्जचा पसारा प्रचंड आहे. डोळस माणूस ज्या पानावरून नजर फिरवून पुढे जातो ते मला ओळ ओळ ऐकावे लागते, आणि पहिल्या आठवड्यात मी दोनदा सगळे पुसून नव्याने सुरुवात केली. नुसतीच गंमत म्हणून पाच मिनिटे खेळायचे असेल तर एवढी खटपट करावी असे मी कोणाला म्हणणार नाही.

हेडफोन वायरचेच घ्यावेत. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो, आणि जिला उडीची वेळ कानांनीच साधायची आहे तिला तेवढा उशीर खड्ड्यात घालतो. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, कमी करण्याची सोय आहे. मी ती आवाज फाटायला लागेपर्यंत उतरवली आणि मग थोडी वर घेतली. कीबोर्डपेक्षा साधा यूएसबी गेमपॅड बरा, कारण कीबोर्डवर खेळताना माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, दाबलेली प्रत्येक कळ उच्चारत राहतो.

कोअरचे पर्याय प्रत्येक गेमसाठी वेगळे जतन करता येतात. मारिओ, कॉन्ट्रा आणि टँक हे तीन मी डेंडीच्या संथ लयीत आणि अदलाबदल केलेल्या लहरींवर ठेवले आहेत, कारण ते मी मिरजेत तसेच ऐकले. जे गेम मी या वर्षी पहिल्यांदाच ऐकते आहे, ते त्यांच्या संगीतकारांनी बांधले तसे, मूळ लहरींवर आणि मूळ लयीत.